रोमांसाठी खास मदत आणि रोमांसाठी वेगळी सोय: दिसायला सारखं, पण एक नाही

युरोपातल्या रोमा लोकांबद्दल काही वाचायला घेतलं की दोन गोष्टींची हमखास गल्लत होते (हा समाज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून तिकडे गेला, आपल्याकडे बहुतेकांना जिप्सी म्हणून माहीत असतो). एक म्हणजे मागे राहिलेल्या माणसांना बरोबरीला आणायला केलेली खास मदत, आणि दुसरी म्हणजे त्यांच्यासाठी केलेली वेगळी सोय. दोन्हीत सरकारी पैसा लागतो, दोन्हीच्या उद्घाटनाला तीच भाषणं होतात, दोन्हींच्या फाइलवर समावेशन असंच लिहिलेलं असतं. पण काही वर्षांनी जाऊन बघा, एकीतून वस्तीतली पोरं गावाच्या शाळेत आणि गावातल्या कामावर दिसायला लागतात, आणि दुसरीत वस्ती होती तिथेच असते, फक्त भिंतींना नवा रंग.

युरोपात मिळून १ ते १.२ कोटी रोमा आहेत असा अंदाज आहे, त्यातले साधारण ६० लाख युरोपियन युनियनमध्ये. सगळे फिरस्ते असतात हा समज आधी काढून टाकायला हवा, पूर्व स्लोवाकिया, ईशान्य हंगेरी, क्रोएशियातला मेजिमुर्ये जिल्हा इथे ते पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहतायत, बऱ्याचदा गावाच्या कडेला, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि कधी कधी नळही संपतो. अशा वस्तीला सगळ्यांसारखीच वागणूक द्या म्हणून भागत नाही, काहीतरी जास्तीचं करावंच लागतं. युरोपियन युनियनच्या रोमा व्यासपीठाने २००९ साली प्रागमध्ये जी दहा तत्त्वं मांडली त्यातलं दुसरं नेमकं याबद्दल आहे, की योजना रोमांना नजरेसमोर ठेवून उघडपणे आखा, पण त्याच हालात राहणाऱ्या इतरांना बाहेर ठेवू नका आणि रोमांना बाकी समाजापासून तोडू नका. वाक्य सोपं आहे, जमिनीवर कुठे गडबड होते ते मात्र युरोपियन मानवी हक्क कोर्टाच्या दोन निकालांमधून चांगलं कळतं.

पहिला निकाल म्हणजे ओर्शुश विरुद्ध क्रोएशिया, मार्च २०१०. मेजिमुर्येतल्या मात्सिनेत्स आणि पोद्तुरेन या खेड्यांतल्या शाळांची ही गोष्ट. तिथली रोमा मुलं घरी स्वतःची बोली बोलायची, शाळेत शिकवणं क्रोएशियन भाषेत, त्यामुळे पहिलीतच अडचण. शाळेचं म्हणणं असं की या मुलांना भाषा येत नाही म्हणून आम्ही त्यांचा वेगळा वर्ग केला, त्यांच्या वेगाने शिकवतो. ऐकायला यात वाईट काय आहे? मलाही हे वरवर पटतं आणि म्हणूनच ही केस नीट बघण्यासारखी आहे, कारण स्ट्रासबर्गच्या या कोर्टानेसुद्धा भाषेसाठी काही काळ वेगळा वर्ग चालवणं मुळातच बेकायदा आहे असं म्हटलं नाही. कोर्टाने विचारलं ते वेगळंच. या मुलांना क्रोएशियन किती येतं याची चाचणी घेतली होती का? तर चाचणी झाली होती, पण ती मुलाच्या एकूण शारीरिक-मानसिक तयारीची, भाषेची नाही. वेगळ्या वर्गात भाषा शिकवायचा खास अभ्यासक्रम होता का? ठोस असा नव्हता. भाषा आली की मूल साध्या वर्गात कधी जाणार, ते कोण ठरवणार? ठरलेलं काही नाही, आणि कित्येक मुलं वर्षानुवर्षं त्याच वर्गात राहिली. त्या जिल्ह्यात ८४ टक्के रोमा मुलं प्राथमिक शिक्षण पूर्ण व्हायच्या आत शाळा सोडतात ही आकडेवारी कोर्टापुढे आली. तरी निकाल मुलांच्या बाजूने ९ विरुद्ध ८ असा काठावर लागला, म्हणजे सतरा न्यायाधीशांनासुद्धा ही मदत आहे की वेगळं काढणं आहे यावर एकमत करता आलं नाही, मग प्रोजेक्ट रिपोर्ट वाचणाऱ्या साध्या माणसाचा गोंधळ झाला तर त्यात नवल नाही.

आता दुसरा निकाल, डी. एच. आणि इतर विरुद्ध चेक प्रजासत्ताक, नोव्हेंबर २००७. हे गाव नाही, ओस्ट्रावा हे औद्योगिक शहर आहे, पण चूक बरोबर उलट्या बाजूने झालेली म्हणून इथे घेतो. तिथे रोमांसाठी म्हणून काहीही वेगळं ठरवलेलं नव्हतं. कायदा सगळ्यांना एक, मानसशास्त्रीय चाचणी सगळ्यांना एक, आणि त्या चाचणीवरून मतिमंद मुलांच्या खास शाळेत कोण जाणार ते ठरायचं. अर्जदारांनी जमवलेल्या आकड्यांनुसार त्या शहरात रोमा मूल अशा शाळेत जायची शक्यता इतर मुलांच्या २७ पट होती. पालकांनी सह्या केल्या होत्या असं सरकारने सांगितलं, कोर्टाने ते मानलं नाही, कारण त्या सहीने मुलाचं पुढे काय होणार हे पालकांना नीट कळलं होतं असं दिसत नव्हतं, आणि भेदभाव चालेल असं कुणी कबूल करूच शकत नाही. १८ मुलांची केस होती, १३ विरुद्ध ४ ने जिंकले.

म्हणजे एकीकडे खास म्हणत म्हणत मुलं वेगळी काढली, दुसरीकडे सगळ्यांना सारखंच म्हणत म्हणत वेगळी काढली. त्यामुळे "रोमांसाठी खास काही नकोच, सगळ्यांना समान नियम" असं म्हणणारे लोक जेव्हा स्वतःला भेदभावाच्या विरोधातले समजतात तेव्हा मला त्यांना ओस्ट्रावा दाखवावंसं वाटतं.

खास मदत नीट केली तर कशी असते? रोमानियातल्या आरोग्य मध्यस्थ बायका बघा, तिथे ही योजना २००२ पासून सरकारी आहे. रोमा समाजातलीच बाई, तिला ट्रेनिंग, पगार, आणि काम हे की बाळंतिणीला, लसीकरणाच्या बाळांना, कागदपत्रं नसलेल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरपर्यंत पोचवायचं आणि डॉक्टरचं म्हणणं घरात समजावून सांगायचं. आपल्या आशाताईंच्या कामाशी बरंच जुळतं हे. मदत रोमांसाठी आहे, पण दवाखाना सगळ्यांचा तोच. बल्गेरियातल्या विदिन शहरातही २००० साली एका रोमा संस्थेने असंच केलं, रोमा मोहल्ल्यातल्या शाळेवर आणखी खर्च करण्याऐवजी मुलांना बसने शहरातल्या मिश्र शाळांत न्यायला सुरुवात केली, बसमध्ये आणि शाळेत मुलांसोबत समाजातली मोठी माणसं, अभ्यासात मागे पडेल त्याला जादा शिकवणी. खर्च मोहल्ल्यासाठीच झाला ना, फक्त तो मुलांना मोहल्ल्याबाहेर नेण्यावर झाला.

याच्या उलट उदाहरण म्हणजे पूर्व स्लोवाकियातल्या कंटेनर शाळा. रोमा वस्त्यांत मुलं भरपूर, गावातल्या शाळेत वर्गखोल्या कमी, मग तयार ढाच्याच्या खोल्या आणून वस्तीत किंवा वस्तीलगत शाळा उभी करायची. काम लवकर होतं, स्वस्तात होतं, आणि लहान मुलांची पायपीट वाचते असंही सांगता येतं. आपल्याकडे वस्तीशाळा होत्या त्यांच्याशी कुणी तुलना करेल, पण धनगरवाड्यावर किंवा पाड्यावर जवळपास दुसरी शाळाच नाही म्हणून काढलेली शाळा वेगळी, आणि चालत जाता येईल एवढ्यावर गावची शाळा असताना फक्त एकाच समाजाची मुलं बसतील अशी दुसरी शाळा बांधणं वेगळं. युरोपियन कमिशनने, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाने, शाळांतल्या या भेदभावाबद्दल स्लोवाकियाविरुद्ध कारवाई २०१५ मध्ये सुरू केली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये प्रकरण युनियनच्या कोर्टात नेलं. घरांचंही तेच, रोमांसाठी सरकारी पैशाने बांधलेल्या स्वस्त चाळी बऱ्याचदा गावकुसाबाहेर, जुन्या वस्तीच्याच शेजारी, कारण तिथली जमीन स्वस्त आणि गावातून विरोधही होत नाही.

कामधंद्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण संधी म्हणजे शेवटी हाताला काम. हंगेरीत २०११ पासून सार्वजनिक रोजगार योजना मोठी झाली, २०१६ च्या आसपास त्यात दोन लाखांहून जास्त लोक होते. ती फक्त रोमांसाठी नव्हती, कागदावर सगळ्यांना खुली, पण गरीब खेड्यांत रोमांच्या वाट्याला बहुतेक हेच काम यायचं, आणि मजुरी देशाच्या किमान वेतनाहून कमी. रस्ते झाडायचे, गटारं काढायची, गवत कापायचं, आणि कामावर कुणाला घ्यायचं हे बहुतेक गावच्या महापौराच्या हातात. पोटाला मिळालं हे खरं आहे आणि ते मी कमी लेखत नाही, पण त्यातून पुढच्या नोकरीकडे रस्ता फारसा निघाला नाही. आता स्लोवाकियातलं स्पिश्स्की हर्होव गाव घ्या. तिथले महापौर व्लादिमीर लेदेत्स्की १९९८ पासून दीर्घकाळ पदावर होते, त्यांनी गावाच्याच मालकीची कंपनी काढली, तिच्यात रोमा कामगार घेतले, बांधकामासारखी कामं शिकवली. मुख्य फरक हा की कंपनीचं काम सगळ्या गावाला लागणारं होतं, रोमा नसलेल्या घरांनीही तिच्याकडून कामं करून घेतली. आपल्या घराचं काम नीट करून देणाऱ्या गवंड्याला माणूस नावाने ओळखायला लागतो. शाळेतही तिथे मुलं एकत्र बसतात.

आणि हे सगळं असूनसुद्धा राजकारण मध्ये आलं की काय होतं ते हंगेरीतल्या ग्योंग्योशपता गावात दिसलं. तिथल्या शाळेत रोमा मुलांना वर्षानुवर्षं वेगळ्या मजल्यावर, वेगळ्या वर्गात बसवलं होतं. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांना साधारण १० कोटी फोरिंट (हंगेरीचं चलन) नुकसानभरपाई रोख द्यायला लावली. सरकारी बाजूने रोख पैशाऐवजी प्रशिक्षण देतो असा प्रस्ताव होता, पंतप्रधान ओर्बान यांनी तर भरपाईवर उघड नाराजी दाखवली होती. कोर्टाने रोखच द्यायला लावली, पण दोनच महिन्यांत कायदा बदलला, आणि यापुढे शाळेत असा अन्याय झाला तर भरपाई म्हणून फक्त शिक्षण किंवा प्रशिक्षण मिळेल असं ठरलं. ज्या व्यवस्थेने मुलाला वेगळं बसवून शिकवलंच नाही तिच्याकडूनच पुन्हा शिकायचं, पैसे हातात नाहीत, आणि याचीही नोंद रोमांसाठी केलेली खास मदत म्हणूनच होऊ शकते.