हिडेन, रुडॉल्फ

(९ मार्च १९०९ – ११ सप्टेंबर १९७३). ऑस्ट्रिया व फ्रान्स या दोन्ही देशांच्या राष्ट्रीय संघांकडून खेळलेला ऑस्ट्रियन फुटबॉलपटू आणि दोन महायुद्धांदरम्यानच्या काळातील युरोपातील नामवंत गोलरक्षक. ऑस्ट्रियात तो ‘रुडी’ आणि फ्रान्समध्ये ‘रोडॉल्फ’ या नावाने ओळखला जाई. ऑस्ट्रियाकडून तो वीस आंतरराष्ट्रीय सामने खेळला, फ्रान्सकडून एकच. हा एकमेव सामना त्याच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटी, युद्ध पेटलेले असताना झाला आणि बरेचदा केवळ आकडेवारीतील गंमत म्हणून सांगितला जातो. पण तिथवर हिडेन कसा पोहोचला हे पाहिल्यावर त्या काळचे फुटबॉल आणि त्या काळच्या देशांच्या सरहद्दी यांचे नाते बरेच उलगडते.

हिडेनचा जन्म ग्राझ येथला. त्याचा मूळ व्यवसाय पाव भाजण्याचा. १९२७ च्या सुमारास तो व्हिएन्नाच्या वीनर एसी या क्लबकडे आला. व्हिएन्नात १९२४ पासूनच व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली होती; ब्रिटन सोडल्यास युरोपात अशी लीग तेव्हा इतरत्र नव्हती. त्यामुळे हातात कसब असलेल्या कामगारवर्गातील मुलाला खेळावर पोट भरण्याची वाट इथे मोकळी होती. अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, १९२८ मध्ये, तो राष्ट्रीय संघात आला. वीनर एसीने १९३१ मध्ये ऑस्ट्रियन चषक जिंकला आणि त्याच वर्षी मध्य युरोपातील क्लबांसाठीच्या मित्रोपा चषकाच्या अंतिम फेरीत धडक मारली. तेथे मात्र फर्स्ट व्हिएन्ना या गावातल्याच प्रतिस्पर्ध्याने त्यांना दोन्ही सामन्यांत हरवले.

१९३० मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबचा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन याने हिडेनला करारबद्ध करायचे ठरवले. दोन्ही क्लबांचा व्यवहार जुळला, पैशाची बोलणी झाली आणि हिडेन इंग्लंडला निघालाही. पण तिकडच्या किनाऱ्यावर उतरताच त्याला अडवण्यात आले. ब्रिटनच्या मजूर खात्याने त्याला कामाचा परवाना नाकारला. मंदीचा काळ होता, बेकारी वाढत चालली होती आणि परदेशी माणसाला पगारी खेळाडू म्हणून आणणे म्हणजे घरच्या खेळाडूच्या तोंडचा घास काढणे, असा सूर इंग्लिश खेळाडूंच्या संघटनेनेही लावला होता. आल्या पावली परतण्यावाचून हिडेनला गत्यंतर उरले नाही. चॅपमनने मग गेरी कायझर या डच गोलरक्षकाला उभे केले. कायझर हौशी खेळाडू होता, पगार घेत नव्हता, म्हणून त्याच्यापुढे परवान्याचा प्रश्नच आला नाही. फुकट खेळणारा परदेशी चालतो, पगार घेणारा चालत नाही, हा त्या नियमातला विरोधाभास आज वाचताना हसू आणतो. पुढच्याच वर्षी इंग्लिश फुटबॉल संघटनेने परदेशी व्यावसायिक खेळाडूंवर दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली आणि ते दार जवळजवळ अर्धशतक बंद राहिले.

इंग्लंडचे हे नुकसान ऑस्ट्रियाच्या पथ्यावर पडले. प्रशिक्षक हुगो माइझल याच्या हाताखालचा ऑस्ट्रियन संघ १९३१ च्या वसंतात असा काही खेळू लागला की ‘वुंडरटीम’, म्हणजे चमत्कारी संघ, हे नाव त्याला कायमचे चिकटले. १६ मे १९३१ रोजी व्हिएन्नात स्कॉटलंडचा ५–० असा धुव्वा उडाला. आठवडाभरात बर्लिनमध्ये जर्मनीवर ६–०, सप्टेंबरात पुन्हा जर्मनीवरच ५–०, आणि एप्रिल १९३२ मध्ये हंगेरीवर ८–२ असे विजय मिळाले. या संघाचे कौतुक करताना माथियास झिंडेलार आणि त्याच्या साथीदारांच्या बारीक पासांचेच गोडवे गायले जातात. परंतु वरच्या पहिल्या तिन्ही निकालांतील दुसरा आकडा शून्य आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे. चेंडू त्या काळी चामड्याचा आणि वर वादी आवळलेला असे. पाऊस पडला की तो पाणी पिऊन जड होई. हातमोजे सर्रास वापरात नव्हते. चेंडू छातीशी धरलेल्या गोलरक्षकाला खांद्याचा रेटा देऊन त्याच्यासकट जाळ्यात ढकलणे तेव्हा नियमात बसत असे, विशेषतः ब्रिटनमध्ये. अशा वेळी उंच आलेला चेंडू पकडायचा की मुठीने दूर लोटायचा, हा निर्णय क्षणात आणि स्वतःची हाडे सांभाळून घ्यावा लागे.

७ डिसेंबर १९३२ रोजी ऑस्ट्रियाचा संघ लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर इंग्लंडविरुद्ध उतरला. दोन वर्षांपूर्वी ज्या देशाने हिडेनला किनाऱ्यावरून परत पाठवले, त्याच देशात तो आता पाहुण्या संघाचा गोलरक्षक म्हणून आला होता. मध्यंतराला इंग्लंड २–० ने पुढे होते. उत्तरार्धात ऑस्ट्रियाने खेळाचा ताबा घेतला, त्सिशेकने दोन आणि झिंडेलारने एक गोल केला. तरी अखेर ४–३ असा निसटता विजय इंग्लंडच्या पदरी पडला. ऑस्ट्रियाची चौदा सामन्यांची अपराजित वाटचाल येथे थांबली. हरल्यावरही ऑस्ट्रियाचीच वाहवा झाली, पण चार गोल हिडेनच्याच नावावर लागले.

१९३३ मध्ये हिडेन पॅरिसच्या रेसिंग क्लबकडे गेला. फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉल नुकतेच, १९३२ मध्ये, सुरू झाले होते आणि तेथील क्लब मध्य युरोपातून खेळाडू आणण्यात हात आखडता घेत नव्हते. परदेशी क्लबकडे गेलेल्या खेळाडूला राष्ट्रीय संघाची दारे त्या काळी व्यवहारात बंदच होत. त्यामुळे २४ वर्षांच्या वयात, गोलरक्षकाच्या दृष्टीने ऐन उमेदीत, त्याची ऑस्ट्रियाकडील कारकीर्द आटोपली आणि १९३४ च्या विश्वचषकात ऑस्ट्रियाच्या गोलसमोर पेटर प्लात्सर उभा राहिला. रेसिंगने १९३५-३६ च्या हंगामात लीगचे विजेतेपद आणि फ्रेंच चषक असे दोन्ही पटकावले. चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी शार्लव्हिल संघाला १–० ने हरवले. हिडेनच्या कारकिर्दीतील हा सर्वांत यशस्वी हंगाम म्हणावा लागेल.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. विश्वचषकासाठी पात्र ठरलेला ऑस्ट्रियन संघ नाहीसा झाला, व्हिएन्नाची व्यावसायिक लीग मोडीत निघाली आणि जर्मन प्रशिक्षक झेप हेर्बर्गर याला संघात दोन्हीकडचे खेळाडू जवळजवळ निम्मे-निम्मे घेण्याचा हुकूम मिळाला. ४ जून १९३८ रोजी विश्वचषकात पॅरिसच्या पार्क दे प्रिन्स मैदानावर स्वित्झर्लंडविरुद्ध जर्मनीच्या गोलसमोर रापिड व्हिएन्नाचा रुडॉल्फ राफ्टल उभा होता. तो याआधी ऑस्ट्रियाकडून सहा सामने खेळलेला. १९३४ मध्ये नेपल्स येथे तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ऑस्ट्रियाविरुद्ध जर्मनीचा गोल राखणारा हान्स याकोब मात्र आता जर्मन चमूत असूनही बाहेर बसला. सामना जादा वेळेनंतरही १–१ असा बरोबरीत सुटला. ९ जूनच्या पुनर्सामन्यात जर्मनीने २–० अशी आघाडी घेतली आणि नंतर चार गोल खाऊन स्पर्धेबाहेर गेली. राफ्टलने २१० मिनिटांत पाच गोल स्वीकारले. ज्या शहरात हा सामना झाला त्याच शहरात हिडेन क्लबचा गोल राखत होता. रेसिंगमधला त्याचा सहकारी ओग्यूस्त जॉर्दां, जन्माने लिंझचा ऑस्ट्रियन, त्याच विश्वचषकात फ्रान्सकडून खेळत होता. म्हणजे ऑस्ट्रियाचा संघ स्पर्धेत नव्हता, पण ऑस्ट्रियन माणसे दोन निरनिराळ्या गणवेशांत मैदानावर होती.

पुढे हिडेनने फ्रेंच नागरिकत्व घेतले. २८ जानेवारी १९४० रोजी पॅरिसमध्ये पोर्तुगालविरुद्ध तो फ्रान्सकडून खेळला आणि फ्रान्सने ३–२ असा विजय मिळवला. सप्टेंबर १९३९ पासून फ्रान्सचे जर्मनीशी युद्ध सुरू होते. त्याचे जन्मगाव ग्राझ तेव्हा जर्मनीच्या हद्दीत होते. मे महिन्यात जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या आणि फ्रान्सकडून त्याचा दुसरा सामना कधीच झाला नाही. युद्धानंतर त्याने इटलीत काही क्लबांचे प्रशिक्षक म्हणून काम केले आणि व्हिएन्नात त्याचे निधन झाले.

दोन देशांकडून खेळण्याचे असे प्रकार क्रिकेटच्या वाचकाला अनोळखी नाहीत. थोरले पतौडी स्वेच्छेने आधी इंग्लंडकडून आणि मग भारताकडून खेळले, तर अब्दुल हफीझ कारदार व आमिर इलाही यांच्याबाबतीत फाळणीने निर्णय केला. हिडेन पहिल्या प्रकारात बसतो, राफ्टल दुसऱ्या. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर रशियाकडून खेळलेले दिमित्री खारिन व स्तानिस्लाव चेर्चेसोव हे गोलरक्षकही दुसऱ्याच प्रकारातले.

हिडेनच्या वेळी असा बदल रोखणारा ठाम नियम आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाकडे (फिफा) नव्हता. १९६० च्या दशकात निर्बंध आले. २०२० मध्ये सुधारलेल्या नियमानुसार, वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धांचे व इतर मिळून तीनपेक्षा जास्त सामने न खेळलेल्या आणि त्यांतले अधिकृत सामने वयाची २१ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच खेळलेल्या खेळाडूला, तीन वर्षे लोटल्यावर, देश बदलता येतो. मात्र विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत तो खेळलेला नसावा. वीस सामने खेळलेला हिडेन या कसोटीवर टिकला नसता. राफ्टलसारख्यांसाठी मात्र त्याच नियमावलीत स्वतंत्र तरतूद आहे: सरकारी निर्णयामुळे, स्वतःच्या संमतीविना, ज्याचे नागरिकत्व कायमचे गेले आहे अशा खेळाडूला दुसऱ्या देशाकडून खेळण्याची परवानगी मागता येते.