बागेतलं खोटं पान

डावणी हा द्राक्षवेलीचा रोग यायच्या आधीच एआय तुमच्या मोबाईलवर सांगणार, अशी एक जाहिरात गेल्या छाटणीपासून द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. त्यात चमचमता मेंदू आहे, आकाशात ड्रोन आहे. ज्या वस्तूवर हा डोलारा उभा आहे ती मात्र कुठेच दिसत नाही. ती म्हणजे तळहाताएवढी एक पांढरी पट्टी. निफाड तालुक्यातल्या माझ्या मित्राच्या बागेत ती काड्यांमध्ये तिरपी अडकवलेली आहे. तिला काम एकच, पान असल्याचं सोंग वठवायचं.

हे सोंग कशासाठी? डावणीला आपण बुरशी म्हणतो, पण तो जीव खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळाच्या गोतावळ्यातला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये दिसला, अमेरिकी वेलींबरोबर आलेला. १८८५ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देने त्यावर मोरचूद-चुन्याचा उतारा जाहीर केला, तेच आपलं बोर्डो. या जीवाचे बीजाणू दोन शेपट्यांनी पोहत पानाच्या रंध्रापर्यंत जातात. पोहायचं तर पाणी हवं, आणि पाण्याचा थर मध्येच सुकला तर खेळ खलास. म्हणून पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं, एवढंच कळायला हवं. ओलाव्याचे तास गुणिले सरासरी तापमान पन्नासच्या पुढे गेलं की धोका, असा एक ठोकताळा वापरतात. म्हणजे २० अंशांना अडीच तास, १० अंशांना पाच तास. जाहिरातीतल्या चमचमत्या मेंदूत पुष्कळदा हा चौथीतला गुणाकारच असतो.

पाऊस पडला तर पान ओलं झालं हे कुणालाही दिसतं. फसवतं ते दव. इथे आपली भाषाही चकवते, कारण आपण म्हणतो दव ‘पडलं’. दव वरून पडत नाही. लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी रात्री-रात्री लोकरीचे पुंजके उघड्यावर ठेवून, वजन करून १८१४ मध्ये हे मांडलं: आधी वस्तू गार होते, मग तिच्यावर दव जमतं.

पान रात्रभर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून उष्णता आकाशाकडे टाकत असतं. ढग असले तर त्यातली बरीचशी परत मिळते. आकाश निरभ्र असेल तर परतफेड तुटपुंजी. वाराही नसला तर भोवतालची हवा तूट भरून काढू शकत नाही आणि पान हवेपेक्षा दोन-चार अंश गार पडतं. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना जेमतेम साडेनऊ. गार पानाला टेकलेल्या हवेला मग उरलेली वाफ तिथेच सोडावी लागते. वेधशाळेची तापमापी झडपांच्या पेटीत बसलेली असते. तिला आकाशच दिसत नाही, तर ती पानाचं तापमान काय सांगणार! (कोजागिरीच्या चांदण्यातून अमृत झिरपतं म्हणणाऱ्यांनी निरभ्र अमावास्येला पहाटे बागेत जावं. पाय तितकेच भिजतात.)

आता पट्टीकडे. तिने पानासारखं गार व्हायला हवं, म्हणून ती एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. जाड असती तर उशिरा गार झाली असती आणि दवाची वेळ चुकली असती. रंग पांढरा, पण गंमत अशी की डोळ्यांना पांढरा दिसणारा हा रंग अवरक्तात जवळपास काळा असतो, पानासारखाच. आत तांब्याच्या दोन फण्या एकमेकींत दात घालून बसवलेल्या. त्यांच्यातलं विद्युतक्षेत्र पृष्ठभागाच्या थोडं वर डोकावतं. तिथे हवा असेल तर पराविद्युत स्थिरांक (पदार्थामुळे वीज साठवण्याची क्षमता किती पट होते तो आकडा) १, पाणी असेल तर ८० च्या आसपास. त्यामुळे पाण्याचा पातळसा थर आला तरी फण्यांची धारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, लगेच वाढते. दर पंधरा मिनिटांनी तो आकडा सिमकार्डावरून निघून जातो. पुढचं सगळं सॉफ्टवेअर.

मित्राकडे आधी जुन्या जातीचं यंत्र होतं. त्यात फण्या उघड्या, आणि दोन दातांमध्ये थेंब आला की वीज वाहते एवढंच मोजायचं. एकदा ओळीने तीन दिवस, भर दुपारीसुद्धा, मोबाईलवर लाल खूण. सल्ला एकच, फवारणी करा. तिसऱ्या दिवशी त्याने फणीवरून बोट फिरवलं तर बोटाला निळसर पूड. बोर्डोचे थर साचले होते. क्षार ओल धरतात आणि वीजही वाहू देतात. म्हणजे फवारणीमुळे यंत्र ओलं, यंत्र ओलं म्हणून पुन्हा फवारणी. ओल्या फडक्याने पुसलं, तासाभरात खूण हिरवी.

नव्या पट्टीला हा त्रास कमी, तरी पुसावी लागतेच. खरा पेच वेगळाच आहे: सोंग नेमकं कुठल्या पानाचं घ्यायचं? बसवायला आलेल्या मुलाने ती बांधावरच्या खांबाला लावली होती, रेंज चांगली मिळते म्हणून. मित्राने ती मांडवावर आणली, आणखी एक घेऊन घडांच्या मागे लावली. दोघींचं अजून पटलेलं नाही. दवाच्या रात्री आकाश बघणारी वरची आधी भिजते, आतली कोरडी. पावसानंतर वरची आठला सुकते, आतली अकरापर्यंत ओली. अ‍ॅपमध्ये ‘पान ओलं’ यासाठी रकाना मात्र एकच आहे.