२६/११ नंतरची पुनर्बांधणी आणि स्मारके (मुंबई)

२६ ते २९ नोव्हेंबर २००८ या काळात मुख्यतः दक्षिण मुंबईत झालेल्या दहशतवादी हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. हल्ल्याच्या जागा पुन्हा उभ्या करणे आणि तिथे मृतांची आठवण जपणे ही दोन्ही कामे मुंबईत एका हाताने झाली नाहीत. वास्तू ज्याची, त्याने आपापल्या रीतीने ती केली. गोळीची खूण बुजवायची की ठेवायची, हेही त्यानेच ठरवले.

कुलाब्यातील लिओपोल्ड कॅफे (स्थापना १८७१) आठवड्याच्या आत उघडले. तिथल्या गोळ्यांच्या खुणा मुद्दाम राखल्या असून गिऱ्हाईक त्यांच्या शेजारी बसून चहा-बिअर घेते. ताजमहाल हॉटेलने उलट वाट धरली. टॉवरची इमारत २१ डिसेंबर २००८ रोजीच सुरू झाली. त्याच दिवशी नरिमन पॉइंटचे ट्रायडंटही उघडले. मात्र आगीत होरपळलेली ताजची १९०३ची मूळ वास्तू पूर्ववत व्हायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. जळल्याची खूण कुठे दिसू नये, असेच हे काम होते. हॉटेलात मरण पावलेल्या ३१ जणांची नावे मात्र तिथल्या स्मारकावर कोरली आहेत.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पन्नासहून अधिक माणसे गेली, बहुतेक लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत बसलेली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून गाड्या सुटू लागल्या. याला ‘मुंबई स्पिरिट’ म्हणायची पद्धत पडली आहे; हातावर पोट असलेल्याला घरी बसणे परवडत नाही, हे साधे कारण त्यात झाकले जाते. २००४ पासून जागतिक वारसा असलेल्या या स्थानकात मृतांच्या स्मरणार्थ फलक आहे. लोकल पकडायच्या घाईत त्यापुढे थांबणारे विरळाच.

पोलिसांची स्मृती वेगळ्या घडणीची आहे. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना हल्लेखोर अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. पुढे ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि इतर पोलिसांना दर २६ नोव्हेंबरला मानवंदना दिली जाते, पुष्पचक्र वाहिले जाते.

शब्दांतही हा फरक उतरला आहे. ‘हुतात्मा’ हा शब्द मुंबईला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापासून परिचित. हुतात्मा चौक टर्मिनसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २६/११ नंतर तो, किंवा ‘शहीद’, वर्दीतल्यांना लावला गेला. फलाटावर गेलेला प्रवासी ‘मृत’ किंवा ‘बळी’च राहिला. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतील प्रवाशांचेही तसेच. माहीम स्थानकावर त्यांचे स्मारक आहे, पण वर्षातला तो एक दिवस सोडला तर त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

या वाटणीला छेद देते ते कुलाब्याच्या अरुंद गल्लीतले नरिमन हाउस. या ज्यू केंद्रातले रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि पत्नी रिवका मारले गेले; त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे याला त्याच्या दाईने बाहेर काढले. इमारत २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाली. वरच्या मजल्यांवरच्या भिंतींतील गोळ्यांची भोके तशीच ठेवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये, हल्ल्याच्या दहाव्या वर्षी, गच्चीवर स्मारक उभारताना त्यावर फक्त आपल्या माणसांची नव्हे, तर शहरभरच्या मृतांची नावे घेतली गेली. टर्मिनसवर गाडीची वाट पाहणाऱ्यांची नावेही त्यात आहेत.