पाणपक्षी गणना

जलाशयावर ठरावीक वेळी असलेल्या पाणपक्ष्यांची जातवार मोजदाद. नाशिक जिल्ह्यात तिचे मुख्य ठिकाण निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या या बंधाऱ्याचा फुगवटा (मागे साठलेले पाणी) गाळाने उथळ झाला, त्यात पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी आले. १९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले. २०१९ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेलेली ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, कारण तोवर हिवाळी पाहुणे स्थिरावलेले असतात आणि परतीचा प्रवास सुरू झालेला नसतो.

कोणत्याही जातीची संख्या चार गोष्टींनी बदलते : जन्म, मृत्यू, येणारे आणि जाणारे. पट्टकादंब या हिवाळी पाहुण्या हंसाची पिल्ले तिबेट, मंगोलिया, लडाखकडे जन्मतात. नांदूरला मोजले जातात ते आलेले पक्षी. त्यामुळे यंदा थवा दुप्पट दिसला म्हणून जात वाढली असे म्हणता येत नाही. अवर्षणात आसपासचे तलाव आटले की पक्षी उरलेल्या पाण्यावर दाटतात. उलट गंगापूर-दारणा धरणांचे पाणी सुटून पातळी चढली, की चिखलाच्या पट्ट्या बुडतात आणि शेकाट्यांसारखे उथळ पाण्यात चरणारे पक्षी दुसरीकडे सरकतात. पक्ष्यांच्या आकड्याशेजारी पाण्याची पातळी लिहिलेली नसेल, तर दोन वर्षांची तुलना फसवी ठरते.

गणनेसाठी फुगवट्याचे भाग पाडतात आणि प्रत्येक भागावर एकाच वेळी वेगळी तुकडी बसते. एकट्याने दिवसभर काठाने फिरून केलेली बेरीज दिसायला भारदस्त, पण तिचा भरवसा नाही; सकाळी मोजलेला थवा दुपारी पुढच्या वळणावर पुन्हा भेटतो. थवा उडाला तर वेळ, दिशा आणि अंदाजे संख्या तिन्ही लिहावे, म्हणजे शेजारच्या तुकडीच्या नोंदीशी ताडून दुबार मोजणी वगळता येते. हाती ८ किंवा १० पट दुर्बीण, तिवईवर २० ते ६० पट स्पॉटिंग स्कोप आणि सूर्य पाठीशी हवा. निफाडच्या थंडीत पहाटे पाण्यावर धुके असते, तर ऊन चढल्यावर हवा थरथरून दूरचे बदक नुसता ठिपका होते. कामाची वेळ या दोहोंच्या मधली.

लहान थवा एकेक पक्षी करून मोजावा. मोठ्यासाठी ठोकळा पद्धत वापरतात : दहा, पन्नास किंवा शंभर पक्षी नीट मोजायचे, त्यांनी दुर्बिणीत व्यापलेली जागा डोळ्यांत बसवायची आणि तोच ठोकळा थव्यावर सरकवत न्यायचा. नवखे ठोकळा थव्याच्या कडेवर बसवतात. कडेला पक्षी विरळ, मधे दाट. त्यामुळे आकडा हमखास कमी येतो. काठावरून बघताना मागचे पक्षी पुढच्यांआड जातात, म्हणून शक्य तिथे मनोऱ्यावरून मोजावे. त्याच क्षणी छायाचित्र काढून नंतर त्यावर टिंबे देत मोजले, की आपली चूक कळते. अंदाज ६०० आणि छायाचित्रात ७८० निघाले, तर त्या मोजणाऱ्याच्या तेवढ्याच आकाराच्या इतर थव्यांना १.३ ने गुणता येते. भोवत्या हा शिकारी पक्षी डोक्यावरून गेला की वारकरी हे पाणपक्षी घट्ट गोळा होतात आणि बदके उठतात. तेव्हा मोजणी थांबवावी आणि थवा स्थिर झाल्यावर तो भाग पहिल्यापासून मोजावा.

तलवार बदक, थापट्या ही बदके उघड्यावर दिसतात. जांभळी पाणकोंबडी मात्र पाणगवतात असते. तिच्यासाठी दोन निरीक्षक एकाच ठिकाणाहून, एकमेकांशी न बोलता नोंदी करतात. पहिल्याला ४०, दुसऱ्याला ३५ पक्षी दिसले आणि त्यांतले २८ दोघांनाही दिसले, तर अंदाज ४० × ३५ ÷ २८, म्हणजे ५०. हेच सूत्र खूण करून सोडलेल्या आणि पुन्हा पकडलेल्या प्राण्यांना लागू पडते. डॅनिश जीवशास्त्रज्ञ पीटर्सन यांनी १८९६ मध्ये त्याची कल्पना माशांसाठी मांडली. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ लिंकन यांनी १९३० मध्ये पायात कडी घातलेल्या बदकांवरून उत्तर अमेरिकेतील बदकांची संख्या काढली. गवतात खोल बसलेले पक्षी दोघांनाही दिसत नाहीत, म्हणून ५० हा आकडाही कमीच धरावा.

दुपटीने वाढण्याचा नियम नांदूरला पक्ष्यांपेक्षा जलपर्णीत ठळक दिसतो. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाले, ऊब असली, की तिचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो. १०० चौरस मीटरचा तुकडा दहा दुपटींनंतर, म्हणजे २० आठवड्यांत, सुमारे १० हेक्टर होईल. प्रत्यक्षात जागा संपत येते तशी वाढ मंदावते आणि आलेख वर जाऊन आडवा होतो. हे गणित बेल्जियन गणितज्ञ फरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडले. गच्च भरलेल्या जागेतून ९० टक्के जलपर्णी काढली तरी उरलेल्या दहा टक्क्यांना मोकळे पाणी मिळते आणि ती पुन्हा जोमाने दुपटू लागते. दोन महिन्यांत काढलेले बरेचसे परत येते, शिवाय तळाच्या गाळात बिया वर्षानुवर्षे जिवंत राहतात. एकदाच मोठी मोहीम काढण्यापेक्षा उरलेले तुकडे दर पंधरवड्याला उचलणे म्हणूनच उपयोगी.

जलपर्णीचा गालिचा पसरला की उजेड तुटून पाण्याखालच्या वनस्पती मरतात आणि त्यांवर जगणारे वारकरी हटतात. पाणकोंबडी व कमळपक्षी यांना मात्र चालायला आणि लपायला जागा मिळते. त्यामुळे एकूण बेरीज तीच राहूनही जाती बदललेल्या असू शकतात. तक्त्यात जातवार रकान्यांसोबत झाकलेल्या पाण्याची टक्केवारी लिहितात. शोधूनही न सापडलेल्या जातीपुढे ० लिहावे. रकाना कोरा सोडला तर पुढे वाचणाऱ्याला पक्षी नव्हता की तो भाग कोणी पाहिलाच नाही, हे कळत नाही.