पंचावन्न किलोंची गासडी: आफ्रिकेतल्या जुन्या कपड्यांच्या बाजाराची पार्श्वभूमी

घानाची राजधानी आक्रा. तिथल्या रेल्वे स्थानकाला लागून कांतामांतो नावाचा बाजार आहे. या बाजारात अनेक वर्षं काम करणाऱ्या ऑर फाउंडेशन या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे इथे दर आठवड्याला सुमारे दीड कोटी जुने कपडे उतरतात आणि जवळपास ३०,००० माणसांचं पोट त्यांवर चालतं. विकणारे, शिंपी, रंगारी, इस्त्रीवाले, टी-शर्टवर छपाई करणारे, डोक्यावरून गासड्या वाहणाऱ्या बाया, सगळे एकाच दाटीत. जुन्या कपड्यातून नवं घडवण्याला आज 'अपसायकलिंग' म्हणतात आणि त्याची प्रदर्शनं भरतात. कांतामांतोत मात्र हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्यातून काय घडू शकेल हे शिंप्याच्या कसबाइतकंच, किंबहुना जास्त, गासडीत काय भरलं आहे यावर ठरतं. आणि गासडी भरली जाते हजारो मैलांवर.

या कपड्यांना ठिकठिकाणी पडलेली नावं पाहिली तर अर्धा इतिहास कळतो. घानात त्यांना 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. इतकं धडधाकट कापड जिवंत माणूस टाकून देईल यावर सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना. टांझानियातलं जुनं नाव 'काफा उलाया', युरोपात मेला, त्याच अर्थाचं. केनियात 'मितुंबा', म्हणजे गासड्या. झांबियात 'सलाउला': बेंबा भाषेत ढिगातून उपसून निवडणं. नायजेरियात 'ओक्रिका', पोर्ट हार्कोर्टजवळच्या बंदराच्या गावावरून. मोझांबिकमधलं 'कालामिदादेस' हे नाव फार बोलकं आहे. युद्ध आणि दुष्काळाच्या काळात आपत्ती निवारणाची मदत म्हणून जे कपडे आले, तेच पुढे बाजारात विकले जाऊ लागले आणि नाव 'आपत्ती' हेच राहिलं.

वसाहतकाळातही युरोपातले जुने कपडे, विशेषतः पहिल्या महायुद्धानंतर उरलेले लष्करी कोट, आफ्रिकेत येत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हा ओघ वाढला. स्वातंत्र्यानंतर अनेक देशांनी आपल्या गिरण्या उभ्या केल्या आणि जुन्या कपड्यांच्या आयातीवर बंदी किंवा कडक परवाने लावले. दार-एस-सलाममधली उराफिकी गिरणी चीनच्या मदतीने १९६८ साली उभी राहिली. घानात आकोसोंबो धरणाच्या विजेवर गिरण्या चालल्या. १९७७ च्या सुमारास तिथल्या कापडउद्योगात सुमारे २५,००० कामगार होते.

मग १९८० चं दशक आलं. परकीय चलन संपलं, सुटे भाग मिळेनात, आणि जागतिक बँक व नाणेनिधीच्या अटींवर आयातीचे दरवाजे उघडावे लागले. घानात आर्थिक सुधारणांचा हा कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला. झांबियाने त्याच दशकात सलाउलावरची बंदी उठवली. त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत कपडे स्वस्त होऊन लोक ते लवकर टाकून देऊ लागले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणून ओघाचा पूर झाला. १९९५ पर्यंत घानातले गिरणी कामगार ७,००० वर आले आणि २००५ मध्ये ३,००० च्या खाली गेले.

गिरण्या फक्त जुन्या कपड्यांनी मारल्या, असं मात्र म्हणता येत नाही. गार्थ फ्रेझर या अर्थशास्त्रज्ञाच्या २००८ च्या अभ्यासात १९८१ ते २००० या काळात आफ्रिकी तयार कपड्यांच्या उत्पादनात जी घट झाली, तिचा सुमारे ४० टक्के वाटा जुन्या कपड्यांच्या आयातीशी जोडलेला आहे. हा वाटा मोठाच आहे, पण उरलेला हिस्साही विसरून चालत नाही: जुनाट यंत्रं, महाग वीज, आणि घानाच्या छापील कापडाच्या नकला करून आशियातून येणारा माल.

आता गासडीकडे. युरोप, उत्तर अमेरिका, कोरिया इथे दानपेट्यांत पडलेला कपडा आधी तिथेच विकला जातो. उरलेला प्रतवारीच्या कारखान्यात जातो. तिथे प्रकार, कापड आणि अवस्थेनुसार त्याच्या राशी होतात: पुरुषांच्या सुती पॅंट, स्त्रियांचे ब्लाउज, लहान मुलांचं उन्हाळी मिश्रण, पडदे. मग यंत्राने दाबून पट्ट्यांनी आवळलेली गासडी तयार होते. घानाकडे जाणारी गासडी साधारण ५५ किलोंची असते, केनियात ४५ किलोंची जास्त चालते.

या साखळीत भारतही आहे. गुजरातमधलं कांडला निर्यात क्षेत्र १९६५ मध्ये, आशियातलं अशा प्रकारचं पहिलं, सुरू झालं. तिथे पाश्चात्य देशांतले जुने कपडे आणून, मुख्यतः बायकांच्या हातून प्रतवारी करून, पुन्हा आफ्रिकेकडे पाठवणारे कारखाने आहेत. मराठी घरांत बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते आणि साडीची कड, जर, कापडाचा कस हाताने जोखते. कांडल्यात तीच पारख मिनिटाला कित्येक कपडे या वेगाने करावी लागते.

गासडी घेणाऱ्या व्यापाऱ्याला ती उघडून पाहता येत नाही, आणि सगळी जोखीम इथेच आहे. बाहेर चिठ्ठी असते, आतला माल नशिबाचा. उधारीवर किंवा चढ्या व्याजाने पैसे उभे करून ती विकत घ्यायची. मग ती डोक्यावर वाहून आणणाऱ्या असतात 'कायायेई', बहुतेक घानाच्या उत्तर भागातून आलेल्या तरुण मुली. ५५ किलो थेट मानेवर. मानेच्या मणक्याची कायमची दुखापत हा या कामाचा ठरलेला परिणाम आहे, आणि मजुरी खेपेवर मिळते.

गासडी फुटली की पहिला अर्धा तास निर्णायक असतो. उत्तम माल आधी उचलला जातो. केनियात त्याला 'कॅमेरा' म्हणतात. मग दुसरी निवड, तिसरी, आणि तळाचा ढीग: केनियात 'फागिया', म्हणजे झाडून काढलेलं. पहिल्या निवडीच्या थोड्या कपड्यांवर पूर्ण गासडीचे पैसे निघायला हवेत. डागाळलेले, फाटलेले, विरलेले कपडे वाढले की व्यापारी बुडतो. किती माल थेट कचरा होतो यावर जोरदार वाद आहे. ऑर फाउंडेशनने सुमारे ४० टक्के सांगितले. घानातल्या व्यापारी संघटनेने ५ टक्क्यांच्या आसपासचा आकडा पुढे केला. फरकाचं एक कारण मोजण्याच्या जागेत आहे. गासडी उघडताना टाकलेलं एवढंच मोजलं तर आकडा लहान येतो. आठवडाभर पडून, न विकलं जाऊन अखेर फेकलेलं धरलं तर मोठा. किनाऱ्यावर वाळूत गुंतून पडलेले कपड्यांचे लांबच लांब दोरखंड आणि कोर्ले खाडीच्या काठचे ढीग बघता छोट्या आकड्यावर विसंबणं कठीण जातं. आक्राजवळच्या क्पोने इथल्या कचराभूमीला २०१९ मध्ये आग लागली, त्यानंतर तर टाकायची अधिकृत जागाच कमी पडली.

तळाच्या ढिगाला पुन्हा विकण्याजोगं करणं हे कांतामांतोचं खरं कसब. मापाचाच प्रश्न घ्या. पाश्चात्य कपडे बहुधा मोठे असतात. पॅंटची कंबर मागच्या मधल्या शिवणीतून साधारण दोन-अडीच इंचांपर्यंत आत घेता येते. त्याहून जास्त घेतली तर मागचे खिसे एकमेकांना भिडतात आणि बाजूच्या शिवणी मागे ओढल्या जातात. मग पट्टा उसवून बाजूंकडूनही घ्यावं लागतं, म्हणजे वेळ तिप्पट. शर्टाच्या बाजू आत घेणं सोपं; पण खांदा उतरत असेल तर बाही काढून मुंढा नव्याने बेतावा लागतो. झिजलेली कॉलर उसवून उलटी लावायची युक्ती जगभरच्या शिंप्यांना ठाऊक आहे. खालच्या बाजूला ताठ पट्टी घालायच्या खाचा असलेल्या कॉलरला ती लागू पडत नाही, कारण उलटी केली की त्या खाचा वर दिसतात. कॉलरच्या आत चिकटवलेलं बकरम, म्हणजे ताठपणासाठीचं कापड, जुनं असेल तर इस्त्रीखाली फुगे येतात.

विटलेल्या जीन्सना पुन्हा रंग देणं हा वेगळा धंदा. सुती कापडासाठीचा साधा हिशेब असा: २०० लिटरच्या पिंपात १० किलो कोरडं कापड, गडद छटेसाठी ३०० ते ४०० ग्रॅम रंग, सुमारे २ किलो मीठ, आणि उकळीच्या जवळ पाऊण ते एक तास, सतत हलवत. पिंपात १५ किलो कोंबलं की चट्टे पडतात. तेलकट डाग आधी साबणाने काढला नाही तर तिथे रंग धरत नाही. शिवणीचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो. तो या रंगाला दाद देत नाही, म्हणून काळ्या केलेल्या जीन्सवर नारिंगी टाके चमकत राहतात. जाणता गिऱ्हाईक माल आधी तिथेच बघतो. कापडात लायक्रा असेल तर उकळीत त्याचा ताण जातो आणि गुडघे फुगतात. धुताना रंग सुटतो, म्हणून पाणी नितळ येईपर्यंत खळखळून काढावं लागतं. घाई होते ती इथेच, आणि तक्रारी येतात त्याही इथल्याच.

होजिअरीच्या टी-शर्टचं गणित निराळं. डाग छातीवर असेल तर त्यावर छाप घेता येते. पाठ-पोट दोन्ही गेले असतील तर काखेखालच्या नळीतून दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची एकसलग पट्टी गोल गोल कापत जायचं; ओढली की ती आपोआप वळून दोरी होते, चटया आणि पिशव्या विणायला. बाजूला शिवण असलेल्या टी-शर्टची पट्टी मात्र प्रत्येक फेऱ्यात शिवणीवर तुटते. उरलेलं सुती कापड बटणं आणि चेन काढून गॅरेजच्या पुसण्यांसाठी जातं. पॉलिस्टर सुतासारखं शोषून घेत नाही, त्याला पुसणं म्हणून कुणी विचारत नाही. लेबल कापलेलं असेल तर एक धागा जाळून बघतात: सूत कागदासारखं जळून भुरभुरीत राख होते, लोकर केसासारखी वास मारते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

कापड पिंजून पुन्हा धागा काढण्याची कल्पना १८१३ ची, यॉर्कशरमधल्या बॅटलीच्या बेंजामिन लॉची. आज तिचं सगळ्यात मोठं ठाणं पानिपत. मराठी मनात १७६१ साठी कोरलेलं हे गाव जगभरच्या लोकरी चिंध्यांपासून घोंगड्या बनवतं, आणि आपत्तीत वाटल्या जाणाऱ्या त्या घोंगड्या आफ्रिकेतल्या छावण्यांपर्यंत पोचल्या आहेत. चिंध्या आधी रंगानुसार वेगळ्या केल्या की पुन्हा रंगवायला नकोत. काटेरी रुळांवर पिंजताना धागे आखूड होतात, म्हणून नवे लांब तंतू मिसळावे लागतात. एखादी चेन राहिली तर ठिणगी उडून आग लागते. लायक्रा रुळांना गुंडाळतो. आफ्रिकेत असे कारखाने का कमी, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. पिंजण्यासाठी एकाच जातीचा माल टनांनी लागतो, आणि कांतामांतोच्या तळाच्या ढिगात प्रत्येक कपडा वेगळा.

सरकारांनी मार्ग शोधले नाहीत असं नाही. घानाने १९९४ मध्ये वापरलेल्या अंतर्वस्त्रांच्या आणि रुमालांच्या आयातीवर कायद्याने बंदी घातली. अंमल व्हायला २०११ उजाडलं. पूर्व आफ्रिकी देशांनी २०१६ मध्ये जुने कपडे टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. रवांडाने कर किलोमागे ०.२० डॉलरवरून २.५० डॉलरवर नेला. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने आपल्या सरकारकडे तक्रार केली. बाकीचे देश मागे सरले, रवांडा ठाम राहिला, आणि जुलै २०१८ मध्ये रवांडाच्या तयार कपड्यांना अमेरिकेत मिळणारी करमाफी स्थगित झाली. आपल्या दारात कुणाचं जुनं येऊ द्यायचं हे ठरवण्याची एवढी किंमत एका छोट्या देशाला मोजावी लागली, हे अन्याय्य आहे. केनियाने कोविडमध्ये मार्च २०२० ला मितुंबा थांबवले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू केले. कारण त्यांवर जगणारी माणसं.

फॅशनच्या जगात ही कारागिरी पोचली त्यालाही तीस वर्षं झाली. लामिन कुयाते यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये 'झुली बेट' सुरू केलं. जुने कपडे उसवून पुन्हा जोडलेले, शिवणी बाहेरून आणि लाल दोऱ्याने, जोड लपवायचाच नाही. नायजेरियाच्या न्क्वो ओन्वुका डेनिमच्या उरलेल्या पट्ट्या जोडून 'डाकाला' नावाचं हातविणीचं कापड बनवतात. कंपालात बॉबी कोलाडे यांच्या 'बुझिगाहिल'ने २०२२ मध्ये आणलेल्या संग्रहाचं नावच 'पाठवणाऱ्याला परत' असं आहे: युगांडात आलेल्या गासड्यांतून घडवलेले कपडे पुन्हा उत्तरेच्या श्रीमंत देशांत विकायचे. यातली नगसंख्या कांतामांतोपुढे किरकोळ आहे. तिथे, ऑर फाउंडेशनच्याच हिशेबाने, महिन्याला अडीच कोटी नग विक्री, दुरुस्ती आणि नवघडणीतून पुन्हा वापरात जातात.

या कामाचे पैसे कुणी द्यायचे, हा आजचा प्रश्न. फ्रान्समध्ये २००७ पासून कपडे बनवणाऱ्यांकडून विल्हेवाटीची वर्गणी घेतली जाते, पण ती मुख्यतः फ्रान्समधल्या संकलन आणि प्रतवारीवर खर्च होते. कपडा जिथे शेवटचा उतरतो तिथवर वर्गणी पोचावी, ही कांतामांतोच्या विक्रेत्यांची मागणी आहे. २०२३ मध्ये त्यांचं एक शिष्टमंडळ ती घेऊन ब्रसेल्सला जाऊन आलं. युरोपीय संघात कापडाचा कचरा वेगळा गोळा करणं १ जानेवारी २०२५ पासून बंधनकारक झालं, म्हणजे गोळा होणारा माल वाढणार.

त्याच १ जानेवारीच्या रात्री कांतामांतोला आग लागली आणि बाजाराचा बहुतांश भाग जळाला. हजारो गाळे, शिवणयंत्रं आणि न उघडलेल्या गासड्याही गेल्या. काही दिवसांतच त्याच गल्ल्यांत लाकडी खांब पुन्हा उभे राहू लागले. ज्यांनी उधारीवर माल उचलला होता, त्यांची गासडी जळाली तरी तिचं देणं तसंच राहिलं.