चाफळ मठ

रामदासी संप्रदायाचे मूळ ठाणे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, उंब्रजच्या पश्चिमेस मांड नदीच्या खोऱ्यात चाफळ हे गाव आहे. कृष्णेच्या डोहात अंगापूर येथे मिळालेली राममूर्ती समर्थ रामदासांनी शके 1570 (इ. स. 1648) मध्ये येथे स्थापिली आणि रामनवमीचा उत्सव सुरू केला. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी दास मारुती व प्रताप मारुती हे दोघे याच आवारात आहेत.

आरंभी मठ चालला तो झोळीवर. रामदासी दारोदार ‘जय जय रघुवीर समर्थ’ म्हणत धान्य मागत आणि त्यावर उत्सवाचे अन्नदान होई. भिक्षेच्या निमित्ताने गावोगावची माणसे, त्यांची स्थिती समजे. संप्रदाय पसरला त्याचे बरेचसे श्रेय या फिरतीला द्यावे लागेल. स्त्रियांनाही येथे अधिकार मिळाला. समर्थांच्या शिष्या अक्काबाईंनी चाफळ व सज्जनगडाची व्यवस्था पाहिली, तर वेणाबाई मिरजेच्या मठाच्या प्रमुख झाल्या. सतराव्या शतकात ही गोष्ट साधी नव्हती.

शके 1600 (इ. स. 1678) च्या विजयादशमीची शिवाजी महाराजांची सनद प्रसिद्ध आहे. तीत 33 गावे इनाम आणि सालीना 121 खंडी धान्य यांचा उल्लेख येतो. तिच्या अस्सलपणावर अभ्यासकांनी बराच खल केला आहे. शिवाजी महाराज व समर्थ यांची पहिली भेट 1649 ची की 1672 च्या सुमाराची, हाही त्याच भांडणाचा भाग. या वादात मठाचा स्वतःचा संसार मात्र झाकला जातो.

आणि तो संसार काही निर्वेध नव्हता. समर्थांनी 1682 मध्ये सज्जनगडावर देह ठेवला. पाठोपाठ शिष्यांत कारभारावरून तंटा लागला आणि प्रकरण संभाजी महाराजांपर्यंत गेले. चाफळचा कारभार पाहणारे दिवाकर गोसावी यांचे नाव त्या पत्रव्यवहारात ठळकपणे येते. समर्थ ब्रह्मचारी असल्याने अधिकार पुढे त्यांच्या थोरल्या बंधूंच्या जांबच्या घराण्याकडे आला आणि वैराग्याच्या मठाला वंशपरंपरा लाभली. 1700 मध्ये साताऱ्यापाठोपाठ सज्जनगड मोगलांच्या हाती गेला. पुढे संभाजीपुत्र शाहूंच्या राजवटीत संस्थानाला पुन्हा राजाश्रय मिळाला.

1848 मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनच्या काळात देवस्थानांनाही आपले हक्क कागदांवरून शाबीत करावे लागले. जुनी सनद आता पूजेपेक्षा कचेरीत उपयोगी पडू लागली. मठामठांतली बाडे, म्हणजे जुनी हस्तलिखिते, गोळा करण्याचे काम शंकर श्रीकृष्ण देव यांनी केले. 1893 मध्ये धुळ्यात त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा स्थापली. ती बाडे धुळ्यात जमली, त्यामुळे सातारच्या मठांचा अभ्यास करणाऱ्याला खानदेशची वाट धरावी लागते.

11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाचे केंद्र कोयना याच तालुक्यात. त्यानंतर राममंदिराचा जीर्णोद्धार उद्योगपती अरविंद मफतलाल यांच्या पुढाकाराने झाला. एकेकाळी पसाभर धान्यावर आणि मग इनामावर चाललेल्या स्थानाला आता देणगीदार मिळाला होता.

रामनवमीइतकीच गर्दी आज मकर संक्रांतीला, सीतामाईच्या यात्रेला होते. गाजर, बोरे, उसाचे करवे, घाटे भरलेली सुगडी घेऊन बायका येतात, सीतामाईला ववसा, म्हणजे वाण, देतात आणि मग आवारातच एकमेकींना हळदकुंकू लावून ववसतात. या दिवशी मठाच्या परंपरेपेक्षा बायकांच्या रिवाजाचाच मान मोठा असतो.