प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थांतील छुपे वनस्पतिजन्य घटक

पाकीटबंद पदार्थ घट्ट, एकजीव, रंगीत किंवा टिकाऊ व्हावा म्हणून त्यात घातलेले, पण चवीवरून न ओळखू येणारे वनस्पतिजन्य पदार्थ. भारतीय कायद्याने ते घटकयादीत दाखवावेच लागतात. मात्र वनस्पतीचे नाव न देता घटकाचे काम व आंतरराष्ट्रीय क्रमांक एवढेच छापले तरी चालते. शिवाय लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की पुरे, मराठीची सक्ती नाही. ही मुभा ग्राहकावर अन्याय करणारी आहे.

आइस्क्रीमच्या कपावरील ‘स्टॅबिलायझर (४१२)’ म्हणजे गवारगम. ज्या गवारीची आपण भाजी करतो, तिच्याच वाळलेल्या बियांतील गर दळून तो करतात. पीक मुख्यतः राजस्थानात होते. ही पूड थंड पाण्यातही फुगते आणि मोकळे पाणी धरून ठेवते, त्यामुळे आइस्क्रीममध्ये बर्फाचे मोठे खडे होत नाहीत. चॉकलेट-दुधात कोको तळाशी बसू न देणारे ४०७ लाल समुद्री शेवाळापासून मिळते, जॅममधले ४४० म्हणजे पेक्टिन लिंबूवर्गीय फळांच्या सालींतून किंवा सफरचंदाच्या चोथ्यातून. बिस्किटे व चॉकलेटमधील ३२२, लेसिथिन, बहुधा सोयाबीन तेल शुद्ध करताना निघते. चीजचा पिवळा रंग पुष्कळदा शेंदरी नावाच्या झाडाच्या बियांचा (१६०ब) असतो. सगळेच क्रमांक वनस्पतींचे नसतात: ४१५ जिवाणूंकडून साखर आंबवून करतात, तर ४७१ वनस्पती तेलापासून किंवा प्राण्यांच्या चरबीपासूनही होऊ शकते.

सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न एकादशीला विशेष जाणवतो. पंढरपूरच्या वाटेवर उपवास करणारे धान्य टाळतात. भगर, साबुदाणा, शेंगदाणे चालतात. वाटेत घेतलेल्या कुल्फीत किंवा वेफर्सच्या मसाल्यात मात्र मक्याचा स्टार्च किंवा त्यापासून केलेली माल्टोडेक्स्ट्रिन ही पूड असू शकते. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो, कोणत्या वनस्पतीचा ते नाही. सोयाबीनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी निदान तो घटक वेगळा जाहीर करण्याचे बंधन आहे. गवार आणि मका त्या यादीत नाहीत.

अशा घटकांवाचूनही पदार्थ टिकतो, हे सोलापूरची कडक भाकरी दाखवते. ज्वारीचे पीठ, मीठ, पाणी. भाजून-वाळवून ओलावा काढला की बुरशीला वाव उरत नाही. शेंगा चटणीतही शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ एवढेच लागते, आणि कांडताना सुटणारे तेलच ती एकजीव करते. घरगुती उत्पादकांनी हीच छोटी घटकयादी पाकिटावर ठळक मराठीत छापावी.

चिंचेसाठी प्रसिद्ध असलेल्या बार्शीच्या बाजारामुळे चिंचोके या जिल्ह्याला परके नाहीत. त्यांची पूड कापडधंद्यात सुताला खळ देण्यासाठी वापरतात. तिच्यातूनच काढलेला डिंकासारखा पदार्थ जपानमध्ये सॉस व आइस्क्रीम दाट करण्यासाठी वापरला जातो.